संजीवनीकाकूंची हजेरी

धरणाच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघींची पाऊण तासाची चाल झाली होती, तरी स्मितानं मनातलं ओठांवर येऊ दिलं नव्हतं. एका हाताला तलावाचं गोडं पाणी, दुसऱ्या हाताला समुद्र, मधून रस्ता. शनिवार, त्यातून संध्याकाळ. निम्मं यिशुन उपनगर सायकली घेऊन तिथे लोटलेलं. संजीवनीकाकू ओढणी कमरेला घट्ट बांधून, कडेकडेनं, एका लयीत चालत होत्या. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना दम लागत नव्हता आणि एक्केचाळिसाव्या वर्षी स्मिताला लागत होता. पण तो काही चालण्याचा नव्हता.

फोन वाजला तशा काकू थांबल्या. कठड्याला टेकल्या, खांद्यावरच्या कापडी पिशवीतून हिरव्या पुठ्ठ्याची डायरी काढली आणि अरबीत बोलायला लागल्या. बोलणं कमी, ऐकणं जास्त. एक नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग पेन्सिलीनं बारीकशी खूण केली आणि डायरी मिटली.

"कोण होतं, काकू?"

"ओळखीचं."

"हल्ली फार येतात फोन, म्हणून विचारलं."

"मग काय झालं? म्हाताऱ्या माणसाला फोन येऊ नयेत असा इथे कायदा आहे का?" काकू हसल्या आणि पुढे निघाल्या. "चल, उभं राहिलं की गुडघे धरतात."

स्मिता चालायला लागली. तिच्या फोनमध्ये त्या हिरव्या डायरीच्या एका पानाचा फोटो होता. तो तिनं कसा काढला हे आठवलं की अजून तिचे कान गरम व्हायचे.

काकूंची आणि तिची ओळख लिफ्टमधली. एकाच ब्लॉकमध्ये राहायच्या, काकू नवव्या मजल्यावर, स्मिता चौथ्या. काकूंचा मुलगा शैलेंद्र आयटीत, सून निहारिका हॉस्पिटलच्या ऑफिसात. त्यांनी दोन वर्षांपूर्वी सांगलीचं घर बंद करून आईला इकडे आणलेलं. लिफ्टमध्ये स्मिता पुटपुटत रामरक्षा म्हणत होती. तिला वाटलं कुणाला कळणार नाही. मागून आवाज आला, "एक ओळ गाळलीस." त्या दिवसापासून आठवड्यातून तीनदा चालणं सुरू झालं.

काकू गप्पिष्ट, पण स्वतःच्या बाबतीत हात आखडता. भिशीला येत नसत. मंडळाच्या हळदीकुंकवाला एकदा आल्या. बायकांनी विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात? म्हणाल्या, "आफ्रिकेत." आफ्रिकेत कुठे? "उन्हात." सगळ्या हसल्या आणि विषय तिथेच राहिला. स्मिताही तेव्हा हसली होती. नंतर घरी भांडी घासताना तिच्या मनात आलं, अठरा वर्षं एका देशात काढलेली बाई त्या देशाचं नाव का सांगत नाही?

असं मनात येणं हाच स्मिताचा धंदा होता. फलटणच्या मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी आता चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या बॅक ऑफिसात बसून दिवसभर संशय घेत असे. जगात ज्यांच्याशी व्यवहार करायचा नाही अशा माणसांच्या याद्या असतात. बँकेच्या गिऱ्हाइकाचं नाव त्यातल्या नावाशी जुळलं की स्मिताच्या पडद्यावर लाल पट्टी यायची. मग तिनं बघायचं, जन्मतारीख जुळते का, गाव जुळतं का, बापाचं नाव काय, दुसरीकडून कुणी दुजोरा देतं का. शंभरात नव्व्याण्णव वेळा माणूस भलताच निघायचा. पण तो एक राहतो, म्हणून शंभरही तपासायचे. सात वर्षं हे काम केल्यावर तिला वाण्याकडची पावतीसुद्धा सरळ नजरेनं वाचता येईनाशी झाली होती. मुलगी मैत्रेयी म्हणायची, "मम्मा, यू डाउट एव्हरीथिंग लाह."

आणि त्या लाल पट्ट्यांमध्ये एका देशाचं नाव वरचेवर यायचं, ते म्हणजे सुदान.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या देशाच्या बातम्या टीव्हीवर येऊ लागल्या. राजधानी खार्तूममध्ये लष्करी कचेरीसमोर दोन महिने धरणं धरून बसलेल्या लोकांवर सत्ता बळकावलेल्या सेनापतींनी निमलष्करी फौज घातली. माणसं मारली, उरलेल्यांचे तंबू जाळले, देशभरचं इंटरनेट बंद केलं. रमजान संपता संपता, ईदच्या तोंडावर. स्मितानं बातमी पाहिली, "अरे देवा" म्हणाली आणि कुकरची शिटी मोजायला गेली. दोन दिवसांनी ती कामावरून परतली तेव्हा ब्लॉकखालच्या दगडी टेबलाशी काकू बसल्या होत्या. कानाला फोन, समोर हिरवी डायरी, तोंडात अरबी. स्मिता दिसताच त्यांनी डायरीवर हात ठेवला.

तो हात स्मिताच्या डोळ्यांतून हलेना.

तिनं वेळा लक्षात ठेवायला सुरुवात केली. काकू दुपारी एकच्या आत फोन करत नाहीत. घरून काम करायच्या दिवशी तिनं खिडकीतून पाहिलं. एक वाजला की सुरू, थेट अंधार पडेपर्यंत. सहा तास मागे असलेल्या कुठल्याशा गावात तेव्हा सकाळ होत असणार. नकाशात बघायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मग चोंग पांगच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारातला, तो रविवार. स्मिता पालक घेऊन येत होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी काकू. शेजारी एक उंच, सावळा, पांढऱ्या शर्टातला तरुण आणि समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली गोरी बाई. काकूंनी लिफाफा पुढे सरकवला. बाईनं तो उघडलासुद्धा नाही. मान हलवली, काहीतरी बोलली, लिफाफा परत ढकलला आणि कॉफी तशीच टाकून उठून गेली. तरुणानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. स्मिता खांबाआड उभी होती. पालकाच्या पिशवीतून पाणी ठिबकून तिची चप्पल ओली झाली, तरी ती हलली नाही.

नवऱ्याला, अभयला, सांगितलं तेव्हा त्यानं लॅपटॉप मिटला. तो एरवी लॅपटॉप मिटत नाही.

"तू त्या बाईबरोबर फिरणं बंद कर."

"अरे, पण त्या तशा नाहीत."

"तशा म्हणजे कशा? तुला काय माहीत त्या कशा आहेत? परदेशी माणसानं इथे राजकारणात नाक खुपसलं तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. आपला पीआरचा, इथे कायम राहायचा अर्ज आत पडलाय, स्मिता. उद्या कुणी विचारलं, या बाईंबरोबर आठवड्यातून तीनदा कोण चालतं, तर?"

"चालणं गुन्हा आहे का?"

"तुझ्याच बँकेत विचार, कशाकशाला गुन्हा म्हणतात ते."

संकष्टीला दोघी देवळात गेल्या. बाहेर पाय धुवायला जाताना काकूंनी पिशवी तिच्या हातात दिली. "धर गं जरा." नळापर्यंत वीस पावलं. स्मितानं पिशवीत हात घातला, डायरी काढली, मधेच दोरा होता तिथे उघडली आणि फोटो काढला. समोर गाभाऱ्यात दिवा जळत होता. तिनं तिकडे पाहायचं टाळलं. सकाळपासून उपास केलेला, आणि संध्याकाळी देवाच्या दारात ही करणी. चंद्रोदयानंतर तिनं ताट वाढून घेतलं आणि फोनवर ते पान मोठं करून पाहिलं.

पानावर नावं होती. देवनागरीत, काकूंच्या मास्तरणीच्या ठसठशीत अक्षरात. प्रत्येक नाव तीन जोडांचं: स्वतःचं, बापाचं, आजोबांचं. पुढे गावातला मोहल्ला, तारीख. काहींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे लाल टिंब. बँकेच्या यंत्राला हात लावायची सोय नव्हती, तसं करणं म्हणजे नोकरी गेलीच. पण त्या याद्या काही बँकेच्या खाजगी नव्हेत, कुणालाही नेटवर बघता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयी शाळेत गेल्यावर स्मितानं घरच्या लॅपटॉपवर एकेक नाव घातलं. अकरावं जुळलं. तीनही जोड तंतोतंत. शस्त्रधारी टोळीचा म्होरक्या.

पाच मिनिटं ती खुर्चीतून उठली नाही. मग उठली आणि देवाजवळ जाऊन उभी राहिली, पण काही मागावं असं सुचेना.

म्हणून आज धरणावर, सायकलींच्या घंटांमध्ये, तिनं एकदाचा धीर केला.

"काकू, अकरा नंबरचा माणूस कोण आहे?"

काकूंची लय चुकली नाही. चार पावलं तशाच गेल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे फोटो नीट आला तर."

स्मिता थांबली.

"डायरीतला दोरा मी पानाच्या उजव्या अंगाला ठेवते. परवा देवळातून आले तर डाव्या अंगाला. वर्गात चाळीस मुली असायच्या, बाई. फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी कोण कुणाच्या पाटीत बघतंय ते कळायचं मला." काकू वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण माया पण नव्हती. "दोन रात्री झोप नाही मला. म्हटलं, या पोरीनं पान कुणाला दाखवलं? नवऱ्याला? ऑफिसात? पोलिसात? आज तुला चालायला बोलावलं ते गुडघ्यांसाठी नव्हे."

"कुणालाच नाही दाखवलं," स्मिता म्हणाली. "शपथ. अभयला फक्त सांगितलं, हॉकर सेंटरमध्ये पाहिलं ते."

"तेही पाहिलंस का? मग आता बस इथे."

कठड्याजवळ एक बाक होता. बसल्यावर काकू आधी पाणी प्यायल्या, मग त्यांनी बाटलीचं झाकण नीट लावलं.

"अकरा नंबरचा माणूस शिंपी आहे. माझ्या नववीतल्या हलीमाचा नवरा. वय एकतीस. तुझ्या यादीतल्याचं वय बघितलंस का?"

स्मितानं बघितलं नव्हतं. नाव जुळल्यावर वय बघायचं, ही तिच्या कामातली दुसरी पायरी. सात वर्षांत ती कधी चुकली नव्हती. परक्या माणसांसाठी न चुकणारी बाई शेजारणीच्या बाबतीत पहिल्याच पायरीवर थांबली. तिनं फोन काढून तिथेच पाहिलं. म्होरक्याचं जन्मसाल एकोणीसशे छप्पन.

"आहे ना तफावत?" काकू म्हणाल्या. "तिकडे आडनाव नसतं. मोहम्मद, उस्मान, अहमद... तीन पिढ्या जोडल्या तरी दर गल्लीत दोन सापडतील."

आणि मग काकूंनी, दोन वर्षांत पहिल्यांदाच, आपली हकिगत सांगितली.

यजमान चंद्रशेखर सांगलीकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते. अठ्ठ्याऐंशी साली सुदानमधल्या एका कारखान्यानं बोलावलं. नाईलच्या काठी, मैलोन् मैल ऊस, मध्ये धुराडं आणि कामगारांची वसाहत. काकू बीएस्सी झालेल्या, घरात बसून भिंती बघायच्या. वसाहतीच्या मुलींच्या शाळेला गणिताची बाई मिळत नव्हती. भाषा येत नाही म्हणाल्या, तर हेडमास्तर म्हणाले, आकडे येतात ना? आकड्यांपासून अरबी सुरू झाली. मुली त्यांना 'उस्ताझा' म्हणत, म्हणजे बाई. पहिलं वर्षभर मुली हसल्या, मग काकूही हसायला लागल्या आणि मग भाषा आली.

"हजेरीचं मला वेड होतं," काकू म्हणाल्या. "नाव घेतलं आणि 'हजर' आलं नाही, की लाल टिंब. आणि टिंब दिलं की संध्याकाळी त्या मुलीच्या दारात मी उभी. आजारी आहे का, लग्न ठरवताय का, पाणी भरायला लावलंय का. यजमान म्हणायचे, तुला पगार शिकवायचा आहे, गावभर फिरायचा नाही. पण टिंब तसंच राहिलं की मला जेवण जायचं नाही. चालायची सवय तिथली."

"मग सुदान म्हणून सांगत का नाही तुम्ही कुणाला?"

"शैलूनं बजावलंय. त्या देशाचं नाव घेतलं की माणसं दोन पावलं मागे सरतात. तू नाही सरलीस?"

स्मितानं हातातला फोन बाकावर पालथा ठेवला.

वसाहतीतल्या मुली मोठ्या झाल्या, बऱ्याच जणी खार्तूमला गेल्या. त्यातली एक आमना. पाढे पाठ नसायचे, पण कुणाला लागलं-खरचटलं की हिची रुमालाची पट्टी आधी. ती डॉक्टर झाली. दर दिवाळीला तिचा फोन यायचा, तारीख बघून, बरोबर लक्ष्मीपूजनाला. तीन जूनला गोळीबार झाला तेव्हा ती खार्तूमला लागून असलेल्या ओम्दुरमानच्या एका दवाखान्यात जखमींना टाके घालत होती. इंटरनेट गेलं, साधे फोन मात्र चालू होते. आमनानं फोन करून सांगितलं, उस्ताझा, इथली बातमी, फोटो काही बाहेर पाठवता येत नाही, तुम्ही नावं लिहून घ्या. कोण जखमी, कोण उचलून नेलेला. ती सांगत गेली, काकू लिहीत गेल्या. मग जुन्या मुलींचे नंबर मिळवले आणि रोज फोन करून हजेरी घ्यायला लागल्या. तुझ्या घरातले सगळे आहेत का? शेजारचे?

"पण लिहून काय होतं, काकू?" स्मितानं विचारलं. तिच्या आवाजात अजून थोडा बँकेचा आवाज होता. "मोठमोठे देश पत्रकं काढतायत, आफ्रिकेतल्या देशांनी सुदानला आपल्या संघातून बाजूला ठेवलं. तुमच्या डायरीनं काय हलणार?"

"पत्रकात काय असतं? नागरिकांवर अत्याचार थांबवा. ते सेनापती म्हणतात, आम्ही कुठे करतोय? झाली चर्चा. पण समोर बसलेला वकिलातीचा माणूस विचारतो, बारा तारखेला अमुक दवाखान्यातून अमक्याची मुलगी अमकी नेली, ती कुठे आहे? तिथे मात्र त्यांना उत्तर द्यावं लागतं. ज्याचं नाव बाहेर विचारलं जातं त्याला मारून टाकणं जड जातं. हे मला इद्रीसनं समजावलं. आमनाचा धाकटा भाऊ, इथे विद्यापीठात संशोधन करतो. हॉकर सेंटरमधला."

"आणि ती बाई?"

"एका वकिलातीतली. देशाचं नाव मी सांगत नाही, तूही विचारू नकोस. आपली वेळ काढून आली होती बिचारी. पहिली यादी आम्ही तिच्याकडे दिली होती. एक्केचाळीस नावं. तिनं पुढे पाठवली, वरच्यांनी त्यातलं एक नाव सहज तपासलं. फोन लावला. ज्याला आम्ही उचलून नेलं म्हणून लिहिलं, त्यानंच फोन घेतला."

"जिवंत?"

"चांगला धडधाकट. मावशीकडे लपून बसलेला." काकूंनी डायरी मांडीवर घेतली. "चूक माझी. तीन दिवस त्याच्या घरी फोन केला, उत्तर नाही. शेजारी म्हणाले, नेला असेल. मी टिंब दिलं. आयुष्यभर हेच केलं ना, हाक मारली, ओ आली नाही की गैरहजर. पण तिथे मी संध्याकाळी दारात जाऊन बघत होते. इथून कुठल्या दारात जाऊ? एक नाव खोटं निघालं आणि एक्केचाळीस खोटी झाली. ती बाई मला म्हणाली, आता तुमची दुसरी यादी मी हातात घेतली तर माझंच हसं होईल. आणि तिकडच्यांना तेवढंच हवं असतं, बघा, बाहेरचे कसे खोटं पसरवतात."

सूर्य खाली गेला होता. सायकलवाले परतायला लागले.

"बारा तारखेला दवाखान्यातून नेली ती..." स्मितानं वाक्य अर्धं सोडलं.

"आमना." काकूंनी सरळ सांगितलं. "पहिल्या यादीत सतरावी होती. त्या यादीबरोबर तीही खोटी झाली."

स्मिताचं मन मात्र गप्प बसेना. खरं सांगायचं तर तिला आताही सगळं पटलं नव्हतं. हा इद्रीस कोण? बहिणीसाठी माणूस काहीही लिहील. काकूंच्या भाबडेपणाचा कुणी फायदा घेत असेल तर? नावं सांगणाऱ्या त्या जुन्या मुली, त्यांच्या मागे बंदूक घेऊन कुणी उभं नसेल कशावरून? आणि आपण इथे बसलोय हे कुणी पाहत नसेल कशावरून? पलीकडच्या बाकावर एक माणूस मासे पकडायची काठी घेऊन बसला होता. गळाला एकही मासा लागला नव्हता आणि त्याला त्याची फिकीरही दिसत नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तो खरंच मासे धरायला आलाय," काकू म्हणाल्या. "दर शनिवारी असतो. तुझी नजर कुठे जाते ते बघतेय मी मघापासून."

स्मिता ओशाळली. "सवय झालीय, काकू. मला कुणाचं काही खरं वाटेनासं झालंय. तुमचंही अजून सगळं नाही वाटत. खोटं कशाला बोलू?"

"काय नाही वाटत? सांग की."

"इद्रीस. बहीण त्याची, म्हणजे तो म्हणेल ती नेली. दुसरं कोण म्हणतं?"

"आणखी?"

"तारखा. तुमच्या पानावर चार जणांना एकाच तारखेला, एकाच मोहल्ल्यातून नेलंय. ते चौघं एकमेकांचे नातेवाईक असतील तर सांगणारा एकच असणार. एकाच तोंडाची चार नावं."

काकूंनी डायरी उघडून पाहिलं. बोट फिरवत गेल्या. "सांगणारी एकच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"आणि बापाचं नाव आहे, आईचं नाही. आईचं असेल तर दोन सारख्या नावांची माणसं वेगळी काढता येतात. आम्ही तेच आधी विचारतो."

"आणखी?"

स्मिता बोलत गेली. तिचं तिलाच नवल वाटलं. ऑफिसात आठ तास जे करताना जांभया येतात, ते इथे बाकावर बसून करताना तिच्या तळहातांना घाम आला होता. काकू मान खाली घालून पेन्सिलीनं टिपून घेत होत्या, जसं त्यांच्यासमोर कधीकाळी मुली टिपून घेत असतील. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली.

"ती बाई काल इद्रीसला म्हणाली, एकदाच, शेवटचं बघेन. पुढच्या आठवड्यात जिनिव्हाला सगळ्या देशांची बैठक आहे, तिथे त्यांच्याकडून कुणी नावं वाचायला तयार आहे. पण प्रत्येक नावाला दोन वेगळे साक्षीदार हवेत, एकमेकांना न ओळखणारे. नाहीतर नाव घालू नका. उद्या संध्याकाळपर्यंत."

"किती नावं आहेत आता?"

"सव्वीस."

"सव्वीसच्या सव्वीस टिकणार नाहीत, काकू. आत्ताच सांगते. निम्मी गळतील."

"म्हणूनच तुला आज इथवर आणलं. दोन रात्री विचार केला. हिनं मला पोलिसात दिलं असेल तर संपलंच, शैलूची नोकरी, माझं इथलं राहणं, सगळं. आणि दिलं नसेल, तर हिच्यासारखं माणूस मला दुसरं मिळायचं नाही. मला सगळ्याच मुली खऱ्या वाटतात. इद्रीसला तर विचारूच नकोस. आम्ही दोघं बसून कितीही वेळा वाचलं तरी आम्हाला चूक दिसत नाही."

"माझा अर्ज आत आहे," स्मिता म्हणाली. "पीआरचा. अभय म्हणतो..."

"बरोबर म्हणतो तो. तुझं नाव कुठे येणार नाही. तुला कुणाला फोन करायचा नाही, कुणाला भेटायचं नाही. नाही म्हणालीस तरी मंगळवारी आपण चालायला जाऊच."

काकूंनी हिरवी डायरी तिच्या मांडीवर ठेवली. दोरा होता ते पान स्वतः उघडलं आणि एका नावावर बोट टेकवलं. बोटाच्या पेरावर पेन्सिलीची काळी रेघ होती. आमना, बापाचं नाव, आजोबांचं नाव. पुढे लाल टिंब. साक्षीदाराच्या रकान्यात एकच: दवाखान्याचा कंपाउंडर. दुसरा रकाना कोरा.

"माझ्यावर घेतलास ना, तसाच यांच्यावर संशय घे, स्मिता. प्रत्येक नावावर. घरी ने, रात्रभर ठेव, उद्या दुपारी मला दे. जे तुला टिकेलसं वाटणार नाही ते खोडून टाक, मला विचारू नकोस." त्यांनी बोट उचललं नव्हतं. "आणि सुरुवात हिच्यापासून कर. दुसरा साक्षीदार डायरीत कुठे सापडत नसेल, तर हिचंही खोड. माझ्या हातून ते होणार नाही. तू कर."